शंका असेल तर या: एका गोधडीमागे देवगाव रंगारीपर्यंत

इंटरनेटवर मी आजवर पुष्कळ गोष्टी मागवल्या. पण आलेल्या वस्तूच्या मागोमाग ती जिथून आली त्या गावाला जाण्याची वेळ या जानेवारीत पहिल्यांदाच आली. तीन दिवसांची ही सहल आहे, खर्च अगदी बेताचा आहे आणि थंडीत तर कुणीही करावी अशी आहे. पण ती घडली माझ्या एका चुकीमुळे, तेव्हा आधी चूक सांगते.

मी नाशिकला एकोणीस वर्षं शिवणक्लास चालवते. हातकामाच्या वस्तू विकणाऱ्या एका वेबसाईटवर माझं अधूनमधून फिरणं असतं, बहुतेक वेळा नुसतंच बघायला. डिसेंबरच्या शेवटी तिथे एक गोधडी दिसली. हळदी पिवळं आणि बाटली हिरवं लुगडं, मध्ये जुन्या धोतराचा थर. दुकानाचं नाव ‘ऊब’, गाव देवगाव रंगारी, जिल्हा छत्रपती संभाजीनगर. मागवली, आठवड्यात आली, आणि उघडल्याबरोबर मी जमिनीवर अंथरून तिच्याशेजारी बसले. इतकी देखणी. मग सवयीने टेप काढली. इंचाला पाच टाके. दुसरीकडे मोजले, पाचच. कोपऱ्यापासून मध्यापर्यंत जिथे म्हणून टेप लावली तिथे पाच, आणि दोन ओळींमधलं अंतर बरोबर अर्धा इंच.

हाताने कुणी असं शिवत नाही, असं मी ठरवून टाकलं. हातासारखा धावदोरा घालणारी मशीनं आता निघाली आहेत, एका प्रदर्शनात मी ती चालताना पाहिली होती. मी तीन तारे दिले आणि लिहिलं, गोधडी सुंदर आहे, पण ही हातशिलाई वाटत नाही. खाली वेबसाईटने विचारलं होतं, ही वस्तू हातकाम नाही असं तुम्हाला वाटतं का? मी ‘हो’वर बोट ठेवलं आणि विसरून गेले.

चार दिवसांनी दुकानदारबाईंचं उत्तर आलं. “ताई, मशीन आमच्या घरी हाय. त्याच्यावर पोरीचे फ्रॉक शिवते मी. गोधडी हाताचीच हाय. शंका असंल तर या, बसा, आन् बघा.”

रागावलेलं उत्तर नव्हतं ते. म्हणूनच मला बसवेना. मी लगेच विचारलं, खरंच येऊ का? तिकडून आलं, “या की. हुरडा चालू हाय.” नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, एका गोधडीसाठी दोनशे किलोमीटर? मी म्हटलं, एका गोधडीसाठी आणि हुरड्यासाठी. खरं सांगायचं तर क्लास, घर, मुलाची परीक्षा यातून एकटीने कुठे जाऊन मला किती वर्षं झाली होती ते मलाच आठवत नव्हतं. बॅग भरताना मी चक्क गात होते.

शुक्रवारी सकाळी सातच्या एसटीने निघाले. येवला, वैजापूर करत ही बस पाच तास घेते. बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे प्रवासाचा भार वाटतच नाही. गाडी असेल तर समृद्धी महामार्गाने खूपच लवकर पोहोचता येतं, पण मग येवल्यानंतरचे कांद्याचे हिरवे वाफे आणि वैजापूरच्या स्टँडवरचा आलं ठेचून घातलेला चहा हुकतो. माझ्या शेजारी लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या एक आजी होत्या. त्यांच्या मांडीवर गाठोडं होतं आणि गाठोड्यात गोधडी. मी विचारलंच, किती दिवस लागले शिवायला? त्या म्हणाल्या, दिवस कोण धरतंय, काम उरकलं की बसायचं. टाके बघितले. इंचाला तीन, कुठे साडेतीन. माझी शंका आणखी घट्ट झाली.

संभाजीनगरला मध्यवर्ती बसस्थानकाजवळ साधं, स्वच्छ लॉज मिळालं, हजाराच्या आत. दुपारी गुलमंडीकडे निघाले. रिक्षावाले चाचा साठीचे होते. मी मराठीत बोलायची, ते निम्मं मराठी निम्मं हिंदी. हिमरूचं विणकाम बघायचं आहे म्हटल्यावर त्यांनी रिक्षा बाजूला घेऊन नीट बजावलं, “मॅडम, दुकान में जाके पहले कपडा उलटा करके देखो. पुढून सगळेच चांगले दिसतेत.”

एका जुन्या दुकानात मी तसंच केलं. दुकानदारांनी माग दाखवला, हाताने विणलेली शाल आणि यंत्राची शाल शेजारी शेजारी टाकली. हातमागाच्या शालीच्या पाठीमागे न वापरलेले धागे मोकळे धावत होते आणि नक्षीत मधूनच एखादं पान किंचित जाडं आलं होतं. यंत्राचं प्रत्येक पान सारखं. मी मनात म्हटलं, हेच तर मी लिहिलं होतं. माणसाचा हात कुठेतरी चुकतोच. तिथून निघाले ती अगदी खुशीत, एक स्टोल खांद्यावर टाकून.

रात्रीचं जेवण मी सातलाच उरकलं, नान-खलिया. शहरात येऊन हे न खाता जाऊ नका. मोठा पिवळसर नान आणि लाल तर्रीचा रस्सा, दीडशे-दोनशेत पोट गच्च. शाकाहारी असाल तर गुलमंडी परिसरात इमरती गरम मिळते, त्यावर भागवा.

शनिवारी देवगावची बस पकडली. हा रस्ता म्हणजे बक्षीस आहे. दौलताबादचा किल्ला डाव्या हाताला येतो आणि बराच वेळ खिडकीतून हलत नाही. मग घाट चढून खुलताबाद, जुनी तटबंदी, दर्ग्यासमोरची फुलांची आणि रेवड्यांची दुकानं. तिथे बस पाच मिनिटं थांबली तर खिडकीशी पेरूवाली आली. वीस रुपयांत चार पेरू, वर तिखटमिठाची पुडी. घाट उतरला की वेरूळ. सहलीची झुंबड खाली उतरली आणि बसमध्ये आम्ही दहाबारा जण राहिलो. मला लेणी खुणावत होती, पण मी जागची हलले नाही. कसाबखेड्यानंतर दोन्ही बाजूंना कापसाच्या शेवटच्या वेचणीची शेतं, वाळलेला मका आणि कणसं भरत आलेली ज्वारी. दीड-दोन तासांत देवगाव.

‘ऊब’ची दुकानदारबाई, मनीषा, स्टँडवर स्कूटी घेऊन उभी होती. वय तिशी-पस्तिशीचं, डोक्याला स्कार्फ, बोलणं भरभर. मी नाव सांगायच्या आत तिनेच ओळखलं. म्हणाली, स्टँडवर उतरून पहिल्यांदा लोकांच्या पिशव्यांची शिवण बघणारी बाई तुम्हीच असणार. मी खरंच एका पिशवीकडे बघत होते.

घर बाजारगल्लीत. पुढे ओटा, आत दोन खोल्या, मागे नवी स्लॅबची खोली. नवरा गणेश वाळूजच्या कंपनीत कामाला आहे, मोटरसायकलने रोज जाऊन येऊन करतो. चार एकर शेती आहे ती सासरे बघायचे, आता वाट्याने दिली आहे. मुलगी मामाकडे गेली होती. चहा झाल्यावर मनीषाने मला पायाचं काळं शिलाईमशीन उघडून दाखवलं. सरळ टीप घालणारं साधं मशीन होतं. त्यावर तो धावदोरा शक्यच नव्हता, हे मला एका नजरेत कळलं.

मग मी विचारलं, दुकान कसं चाललंय? ती कपबशा गोळा करत म्हणाली, सध्या बंद आहे.

मला वाटलं सुट्टी घेतली असेल. तिने फोन माझ्यापुढे धरला. वेबसाईटचा निरोप होता. एका ग्राहकाने वस्तू हातकामाची नसल्याची नोंद केल्यामुळे दुकान तात्पुरतं लपवलं आहे. दहा दिवसांत, ती वस्तू बनवणारी व्यक्ती काम करतानाचा सलग व्हिडिओ पाठवावा, नाहीतर दुकान काढून टाकण्यात येईल. मी तारीख पाहिली. सहा दिवस उलटून गेले होते.

मला ते ‘हो’वर ठेवलेलं बोट आठवलं. म्हटलं, मनीषा, तुम्ही मला हे कळवलं का नाही? ती म्हणाली, “कळवलं असतं तर तुम्ही घाबरून ‘नाय, नाय, हातचीच हाय’ असं लिहून दिलं असतं. मला तसं नको होतं. तुम्ही बघून लिवावं.”

मी माफी मागितली. तिने पेरू कापून माझ्यापुढे ठेवले. मग मी घाईघाईने म्हटलं, अहो मग सोपं आहे, आत्ताच व्हिडिओ काढू. सुई घ्या. तिने एक अर्धी झालेली गोधडी आणली, निळी आणि करडी, आणि ओळ धरली. मी शेजारी बसले. पहिला इंच तीन टाके. दुसरा चार. पुढे एक लांब पडला. ती चांगली शिवत होती, माझ्या क्लासमधल्या कुणाहीपेक्षा चांगली. पण माझ्या घरी आलेली गोधडी या हाताची नव्हती. ते मला कळलं, आणि मला कळल्याचं तिलाही. तिची सुई थांबली.

मागच्या खोलीतून कुणीतरी खाकरलं आणि पुरुषी आवाज आला, “मनीषा, सांगून टाक बाई त्यांना. लांबून आल्यात.”

दारात आले ते तिचे सासरे, आबा. सत्तरीच्या घरातले, पांढरा शर्ट, पायजमा, डाव्या गुडघ्याला पट्टा. त्यांच्या डाव्या अंगठ्याच्या नखावर निळ्या पेनाने दोन बारीक रेघा ओढलेल्या होत्या. माझी नजर त्या नखावर खिळली.

आबांनी सरकारी मोजणी खात्यात तीस वर्षं नोकरी केली. पंचक्रोशीतल्या निम्म्या बांधांवर त्यांनी पट्टी धरली असेल. लोक अजून मोजणीवाले आबा म्हणतात. दोन वर्षांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि चार महिने खाटेवर पडून राहावं लागलं. टीव्हीचा कंटाळा आला. मनीषा शेजारी बसून गोधडी शिवायची, तिला सुई ओवून द्यायला लागले. मग एक दिवस ती स्वयंपाकाला उठली आणि आबांनी तिची ओळ पुढे नेली. परत आल्यावर आपण शिवलेलं कुठे संपलं ते तिला लगेच कळलं. पुढची ओळ सुतासारखी होती.

“सुतानंच मारतो मी,” आबा म्हणाले आणि मला आत नेलं.

त्या खोलीत मी त्यांची सगळी रीत पाहिली. सुताच्या दोरीला कपड्याची नीळ लावून, दोन टोकं खिळ्यांना ताणून ते ती गोधडीवर मारतात. कापडावर निळी रेघ उमटते, धुतली की जाते. दर अर्ध्या इंचाला एक. मग नखावरच्या त्या दोन रेघांच्या मापाने टाका घेतात. सुई आत, नख लावायचं, सुई बाहेर. मी त्यांना एक ओळ शिवायला लावली. मी शेजारी मांडी घालून, टेप हातात. पाच. पाच. पाच. मी लहान मुलीसारखी टाळी वाजवली. एकोणीस वर्षं मी मुलींना सांगते की टाका सारखा यायला हात बसावा लागतो, आणि हे नखावर रेघ ओढण्याचं मला कधी सुचलं नाही. मी लगेच पेन मागून माझ्या नखावर तशाच रेघा ओढून घेतल्या. आबा पहिल्यांदा हसले.

मी म्हटलं, आबा, आता तुमचाच व्हिडिओ काढू. त्यांचं हसू गेलं.

त्यांनी शांतपणे नाही म्हणून सांगितलं. गावात त्यांनी लोकांच्या भांडणांत निवाडे केलेले, पंच म्हणून बसलेले. आता लोक म्हणतील, आबा बायकांचं काम करून खातो. मागची खोली त्यासाठीच बंद असते. गणेशच्या मित्रांनासुद्धा माहीत नाही. दुकानाच्या पानावर ‘गावातल्या महिलांच्या हातची’ असं लिहिलंय तेही आबांच्याच सांगण्यावरून. ते लिहिलेलं मनीषाला पहिल्यापासून टोचत होतं, पण सासऱ्यांच्या शब्दाबाहेर ती गेली नाही.

आबा विश्रांतीला गेले. आम्ही दोघी ओट्यावर बसलो. मला काहीही करून माझी चूक निस्तरायची होती. मी एक सुचवलं, आणि ते आज लिहिताना मला बरं वाटत नाही. मी म्हटलं, आबांनी शिवलेल्या ओळीवर शेवटचे चार टाके तुम्ही घाला, तेवढंच जवळून दाखवू, कुणाला काय कळतंय.

मनीषाने माझ्याकडे बघितलं. “ताई, तुम्ही एकदा खोटं म्हणालात, तर मला दोन दिवस जेवण गेलं नाय. आता सोताच्या हातानं खोटं करायचं व्हय?”

ती पुढे म्हणाली, आबा नाही म्हणतात तर नाही. दुकान गेलं तर गेलं. शिवणं कुठे जातंय. पण हे म्हणताना ती ओट्याच्या कडेवरचा पोपडा नखाने काढत होती. हे दुकान तिचं स्वतःचं पहिलं काही होतं. फोटो काढायला ती यूट्यूबवर शिकली होती, पार्सलवर स्वतःच्या हाताने ‘ऊब’ लिहायची. पुण्याच्या एका बाळाच्या बारशाची गोधडी अर्धी पडली होती.

संध्याकाळी गणेश कामावरून आला आणि आम्हाला शेतावर घेऊन गेला. जाताना त्याला दुकानाचं विचारलं. तो म्हणाला, आबांना मी काही म्हणणार नाही, त्यांनी माझ्यासाठी लई केलं. शेतात गोवऱ्यांचा विस्तव, त्यात कोवळी कणसं. चोळून सुपात पडलेला गरम हुरडा, शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, गूळ, दही. मी किती खाल्ला ते लिहीत नाही. उन्हं उतरताना थंडी अशी आली की मनीषाने स्कूटीच्या डिकीतून एक छोटी गोधडी काढून माझ्या खांद्यावर टाकली. आबा विस्तवाजवळ खुर्चीवर बसले होते. मनीषाने दुपारी मला काय म्हटलं ते त्यांनी ऐकलं होतं का, मला ठाऊक नाही. ओटा आणि मागच्या खोलीत अंतर फार नाही. ते एवढंच म्हणाले की उद्या लवकर उठा, सकाळचं ऊन चांगलं असतं.

रात्री मनीषाने मला घरीच ठेवून घेतलं. रविवारी सकाळी आठला मी आंघोळ करून बाहेर आले तर आबा पुढच्या ओट्यावर बसलेले. पांढरा शर्ट इस्त्रीचा. पायाखाली चटई, मांडीवर ती निळी-करडी गोधडी, शेजारी नीळ लावलेली दोरी. ओट्यासमोरून गल्ली जाते, आणि रविवारचा दिवस.

मनीषा दारात होती, हातात झाडू तसाच. आबा तिला म्हणाले, “मी लोकांच्या जमिनी मोजल्या. एक इंच कुणाचा इकडचा तिकडं केला नाय. तुझं दुकान माझ्यापायी खोटं ठरू देऊ व्हय? लाव तुझा फोन.”

तिने झाडू भिंतीला टेकवला, पदराने डोळे पुसले आणि आत पळाली. फोन उभा कसा करायचा हा पुढचा प्रश्न. ज्वारीच्या डब्यात दाण्यांत रोवून ठेवला, बरोबर हातांवर आणि चेहऱ्यावर येईल असा. व्हिडिओ सुरू केला. आबांनी कॅमेऱ्याकडे बघून पूर्ण नाव सांगितलं, गाव, तालुका कन्नड, आणि म्हणाले की ही गोधडी मी शिवतो. एवढं बोलून मान खाली घातली आणि दोरी मारली.

गल्लीतून दूधवाला गेला. थांबून बघितलं, गेला. दोन म्हातारे पारावर निघाले होते, त्यातल्या एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसलं. आबांचे कान लाल झाले, पण सुई चालू होती. मग समोरच्या घरातून गयाकाकू बाहेर आल्या. पंच्याहत्तरीच्या, ठेंगण्या, नऊवारी खोचलेल्या, गावात बाळाला गोधडी हवी तर लोक त्यांच्याकडे जातात असं मनीषाने सांगितलेल्या त्या याच. सरळ ओट्यावर चढल्या, आबांच्या पुढ्यात बसल्या आणि गोधडीचं टोक उचलून बघायला लागल्या.

“आबा,” त्या म्हणाल्या, “रेघ झ्याक हाय. पन कोपरा चुकलास. इथं दोन टाके आखूड घे, नायतर कापड फुगतं.”

आबांनी वर पाहिलं. मग सुई त्यांच्याकडे दिली. काकूंनी कोपऱ्यावर दोन आखूड टाके घालून दाखवले, आबांनी ते उसवले आणि पुन्हा स्वतः घातले. काकू म्हणाल्या, हां, आता बसला. मग त्या पारावरच्या दोघांना हाक मारून म्हणाल्या, या, बघा, तुमच्या बायकांना जमत नाय असं. ते दोघे आले आणि खरंच बघत उभे राहिले. एकाने विचारलं की नखावर रेघ कशाला, आणि आबा त्याला बांध मोजणीच्या थाटात समजावून सांगायला लागले.

बावीस मिनिटांचा व्हिडिओ झाला. काकू मध्ये आल्या तो भाग कापायचा का, मी विचारलं. सलग मागितलाय तर सलगच देऊ, मनीषा म्हणाली. मी माझ्या बाजूने लिहिलं की मी घरी येऊन, शेजारी बसून, टेपने मोजून खात्री केली आहे आणि माझी नोंद चुकीची होती. दोन्ही एकदम पाठवलं. देवगावात नेट जेमतेम चालतं, तो पुढे सरकणारा हिरवा पट्टा बघत ओट्यावर सहा-सात माणसं बसली होती. गेला तेव्हा गयाकाकूंनी विचारलं, गेला म्हणजे कुठं गेला?

दुपारी पिठलं-भाकरी जेवून निघाले. परतीला मी शहरात गेले नाही. देवगावहून लासूर स्टेशनला जीप मिळते, सोळा-सतरा किलोमीटर, गच्च भरल्याशिवाय निघत नाही. तिथून मनमाडमार्गे नाशिकरोड. आधी वेळ बघून ठेवा, मला दीड तास बाकावर काढावा लागला. पण लासूरच्या फलाटावर ओले शेंगदाणे भाजून मिळतात आणि मी एवढी आनंदात होते की तो दीड तास मला कळलाच नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडं. शनिवार-रविवार वेरूळला गर्दी असते, देवगावची बस सकाळी लवकरची घ्या. देवगावात लॉज मला तरी दिसलं नाही, मुक्काम संभाजीनगर किंवा वेरूळला करा आणि दिवसभरात जाऊन या. आणि कुणाच्या घरी वस्तू बघायला जाणार असाल तर आधी विचारा. त्यांच्या कामाच्या वेळा असतात.

पाचव्या दिवशी ‘ऊब’ पुन्हा दिसायला लागलं. मी माझा अभिप्राय नव्याने लिहिला, आधी काय लिहिलं होतं आणि ते का चुकलं तेही. पानावर आता ‘महिलांच्या हातची’ नाही. तिथे लिहिलंय, शिवणारे आबा आणि मनीषा, कोपरे गयाकाकूंनी तपासलेले. बारशाची गोधडी वेळेत गेली.

घरी आल्यापासून माझ्या वर्गातल्या सगळ्या मुलींच्या नखांवर निळ्या रेघा आहेत. हे झालं शिकलेलं. पण राहून राहून मनात येतो तो रविवारचा ओटा. मी तिथे गेले होते एका शंकेचं उत्तर घ्यायला, आणि माझ्या एका निष्काळजी बोटामुळे एका माणसाला स्वतःची झाकलेली गोष्ट गावासमोर आणावी लागली. ते नीट निभावलं, याचं श्रेय माझं नाही. दुसरं काहीही घडू शकलं असतं, हे मी विसरत नाही.

परवा मनीषाचा फोन आला. दुकान उघडल्यावर नव्या मागण्या बऱ्याच आल्या, त्यातली एक देवगाव रंगारीचीच. पत्ता दोन गल्ल्या पलीकडचा, गावातल्या निवृत्त गुरुजींचा. समोर येऊन मागायला त्यांना संकोच वाटला असावा, म्हणून त्यांनी नातवाच्या फोनवरून रीतसर मागवली. पार्सल कुरिअरने शहरात गेलं आणि चार दिवसांनी गावात परत आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी गुरुजी ते बगलेत धरून आबांच्या ओट्याशी आले आणि म्हणाले, आबा, मी जरा बसलो तर चालेल का?

मी विचारलं, मग? बसले?

“बसतेत की,” मनीषा म्हणाली. “टाके लई वाकडे पडतेत त्यांचे. पन रोज येतेत.”